बाई आणि रेडा

शहरातले जुन्या गाड्यांचे शौकीन त्यांना कानमिस्त्री म्हणत. हे नाव कोणी दिलं असं विचारलं की मिस्त्री संकोचल्यासारखे हसत आणि "लोकांचं प्रेम, दुसरं काय," म्हणत. खरं सांगायचं तर ते त्यांनी स्वतःच पसरवलं होतं. तिशीत असताना एका गिऱ्हाइकाला ते म्हणाले होते, "मला मीटर नको, दिवा नको, पुस्तक नको. मला कान आहे." गिऱ्हाइकाने ते चार ठिकाणी सांगितलं आणि पुढची तीस वर्षं मिस्त्री त्या एका वाक्यावर जगले.

वाक्य खोटं नव्हतं, हीच पंचाईत. त्यांचा कान खरोखरच तयार होता. रबराची हातभर नळी घ्यायची, तिचं एक टोक हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि दुसरं कानात. आत जाणाऱ्या हवेचा फुसकारा ऐकायचा. मग पुढचं तोंड, मग त्याच्या पुढचं. सगळे फुसकारे एका सुरात आले की स्क्रू सोडायचा आणि हात पुसायचे. हेच काम दुसरे मिस्त्री काट्याचं मीटर लावून अर्धा दिवस करत आणि तरी इंजिन घसा खाकरल्यासारखं चालायचं.

टायमिंगचंही तसंच. इंजिनात ठिणगी कधी पडावी, त्या क्षणाला टायमिंग म्हणतात. ठिणगी जरा लवकर पडली की गाडीला जोर येतो. फारच लवकर पडली की चढावर इंजिनाच्या पोटातून बारीक टिकटिक ऐकू येते, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी. म्हणजे इंजिन आतून मार खातंय. मिस्त्रींची पद्धत अशी, की गाडी चढावर न्यायची, टिकटिक ऐकू येईपर्यंत टायमिंग पुढे, म्हणजे लवकर, न्यायचं आणि ऐकू आली की केसभर मागे घ्यायचं. त्या केसभरात सगळी विद्या होती. कंपनीने इंजिनाच्या पुलीवर टायमिंगची खूण कोरलेली असते, दिवा लावून ती बघता येते. मिस्त्रींनी बाई नावाच्या गाडीच्या पुलीवरची ती खूण एके दिवशी कानस घेऊन घासून टाकली. "ही खूण बहिऱ्यांसाठी असते," असं ते गाडीच्या मालकांना म्हणाले होते. मालकांना हे इतकं आवडलं, की येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती गुळगुळीत पुली दाखवत.

बाई म्हणजे मालकांची जुनी स्पोर्ट्स कार. मालकांचा फरश्यांचा कारखाना होता आणि कारखान्याच्या मागे एक लांबट शेड होती. तिथे बाई राहायची. साठ वर्षांची गाडी, फिकट राखाडी रंगाची, लांब नाकाची, दोनच माणसांपुरती. स्टिअरिंग लाकडी, सहा सिलिंडर, तीन कार्बोरेटर, प्रत्येकाला दोन तोंडं. आत बसलं की पेट्रोलचा आणि जुन्या चामड्याचा वास यायचा आणि ढुंगण रस्त्यापासून वीतभर वर असायचं. वळणावर बोटांनी नुसतं सुचवलं तरी वळायची. ब्रेक मारला की डावीकडे ओढायची, रहदारीत तापायची, पावसात सुरूच व्हायची नाही. पण यातलं काही मिस्त्रींसमोर काढायची सोय नव्हती. "बाईच्या जातीला थोडं समजून घ्यावं लागतं," ते म्हणत. घरातल्या बायकोला त्यांनी कधी एवढं समजून घेतलेलं नव्हतं. बावीस वर्षं ते या गाडीच्या चाकरीत होते. बाकीची गिऱ्हाइकं हळूहळू गेली, ती गेली हेही त्यांना फारसं कळलं नाही.

कान जायला लागला तो साठीच्या तोंडावर. गेला म्हणजे बहिरे झाले असं नव्हे. जाड आवाज ऐकू यायचे, माणसांचं बोलणं ऐकू यायचं, बारीक तेवढं गेलं. किटलीची शिट्टी गेली. घड्याळाचा गजर गेला. बायको आधी चिडली, मग मोठ्याने बोलायला लागली, मग एक दिवस त्यांना हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे काचेच्या खोलीत बसवतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. काचेपलीकडे बसलेली मुलगी आवाज सोडताना मान किंचित खाली घालते, हे मिस्त्रींच्या दुसऱ्याच मिनिटाला ध्यानात आलं. तिची मान हलली की ते बटण दाबत गेले. मुलीला संशय आला, तिने त्यांना पाठमोरं बसवलं, आणि मग कागदावर जे उतरलं ते उतरलं. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आता परत यायचे नाहीत, इतकी वर्षं इंजिनाजवळ डोकं ठेवल्याचा परिणाम, यंत्र लावलंत तर थोडी मदत होईल.

"यंत्र लावून शेडमध्ये जाऊ?" मिस्त्री बाहेर आल्यावर बायकोला म्हणाले. "कानमिस्त्री कानात यंत्र घालून आला म्हणतील. दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्याच्या हातात."

"मग लेकीला तरी सांगा."

"तिला तर मुळीच नाही."

बायकोने शब्द दिला आणि पाळला. तिचा स्वभावच तसा, आणि मिस्त्रींनी आयुष्यभर त्याचा फायदा घेतला होता.

लेक एकुलती एक, सव्वीस वर्षांची. एका मोठ्या मोटार कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात कामाला होती. गाडीला लॅपटॉप जोडायचा आणि गाडी स्वतःच आपलं दुखणं सांगते, असलं काम. मिस्त्री त्याला "डॉक्टरकी" म्हणत आणि त्या म्हणण्यात कौतुक अजिबात नसे. खरी गोष्ट अशी, की कान लेकीलाच मिळाला होता. ती चौदा वर्षांची असताना मिस्त्रींनी गंमत म्हणून नळी तिच्या कानात घातली, तर पोरीने सहातलं चौथं तोंड जास्त हवा ओढतंय हे क्षणात सांगितलं. मिस्त्रींनी चार दिवस ही गोष्ट सगळ्यांना अभिमानाने सांगितली. पाचव्या दिवसापासून सांगणं बंद केलं आणि नळी पुन्हा कधी तिच्या हातात दिली नाही. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

आणि मग शेडमध्ये रेडा आला.

मालकांच्या मुलाने नवी मसल कार घेतली होती. नारिंगी रंग, आठ सिलिंडर, बॉनेटवर दोन काळे पट्टे, वजन बाईच्या जवळजवळ दुप्पट आणि ताकद तिप्पट. बटण दाबलं की अख्ख्या शेडचे पत्रे थरथरायचे. मिस्त्रींनी तिच्याभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, बॉनेट उघडायला लावलं. आत प्लास्टिकचं एक मोठं झाकण आणि त्याखाली आणखी एक झाकण.

"रेड्याला चाकं लावलीत," मिस्त्री म्हणाले. मालक खो खो हसले आणि तेव्हापासून त्या गाडीचं नाव रेडाच पडलं. मुलानेही ते मनावर घेतलं नाही. घेण्यासारखं काही नव्हतंच, कारण रेडा सुरू व्हायचा, पळायचा, थांबायचा, पावसाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार व्हायचा आणि संध्याकाळी मुकाट्याने जागेवर येऊन उभा राहायचा.

रेड्याची देखभाल कंपनीकडे, म्हणजे योगायोगाने मिस्त्रींच्या लेकीकडे आली. महिन्या-दोन महिन्यांनी ती शेडमध्ये यायची. एकदा तिने बापाला खूश करायला म्हणून सांगितलं, "बाबा, आत बसल्यावर जो आवाज येतो ना, तो सगळा इंजिनाचा नाहीये. थोडा स्पीकरमधून सोडलेला असतो." एक फ्यूज काढून तिने दाखवलं, तर आतला आवाज निम्म्यावर आला. मिस्त्रींना एवढा आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. पुढचे सहा महिने ते भेटेल त्याला सांगत होते, की रेडा हंबरतो तेसुद्धा भाड्याने. तो खोटा जाड आवाज मात्र त्यांना स्वच्छ ऐकू यायचा. बाईचा खरा आवाज अर्धाच यायचा. हे त्यांना ठाऊक होतं आणि रात्रंदिवस सलत होतं.

मालक आणि मुलगा यांच्यात जेवणाच्या टेबलावर रोज जुंपायची. मुलगा म्हणायचा, बाबांची गाडी म्हणजे फोटो काढण्याची वस्तू. मालक म्हणायचे, तुझ्या गाडीला चालवणारा लागतच नाही, नुसतं बसणारा लागतो. शेवटी मुलाने तोड काढली. गाड्यांच्या मासिकात लिहिणारे एक गृहस्थ त्याच्या ओळखीचे होते. रविवारी सकाळी त्यांना बोलवायचं, शहराबाहेर तलावाकडे जाणाऱ्या आठ किलोमीटरच्या चढावर दोन्ही गाड्या न्यायच्या आणि मासिकवाल्यांनी दोन्हींची तुलना लिहायची.

मालकांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, बाईला तयार करा. लाज राखा."

मिस्त्री म्हणाले, "मालक, ती गाईल."

गेलं दीड वर्ष ते बाईचं टायमिंग अंदाजाने करत होते. चढावर न्यायची, पुढे घ्यायचं, टिकटिक ऐकू येत नाही म्हणून आणखी पुढे घ्यायचं. ऐकू आल्याशिवाय थांबायचं नाही, हीच तर त्यांची पद्धत, आणि ऐकू यायचं बंद झालं तरी पद्धत सुटत नव्हती. त्यातून गंमत अशी, की टायमिंग पुढे गेल्याने गाडीला जोर वाढल्यासारखा वाटे. मालक खूश होत. गावातल्या रस्त्यावर हळू फिरण्यापुरतं इंजिन निभावूनही नेत होतं. मिस्त्रींनी मनाची समजूत घातली, की कान गेला असेल पण हात सांगतोय.

शनिवारी दुपारी लेक रेडा तपासायला आली. तिचं काम अर्ध्या तासात आटोपलं. मिस्त्री बाईला चढावर न्यायला निघाले होते.

"मी येऊ?" तिने विचारलं. "आणि बाबा, एक सांगायचंय."

गाडीत बसल्यावर तिने सांगितलं. त्यांच्या सेंटरात जुन्या गाड्यांसाठी वेगळा विभाग निघत होता. दोनच माणसं घेणार होते. साहेबांनी तिला विचारलं होतं, आणि मालकांसारख्या जुन्या गाडीवाल्याने एक शब्द टाकला तर जागा तिचीच होती. "मला हेच करायचंय, बाबा. लॅपटॉप कोणीही जोडतं. तुम्ही मालकांशी बोलाल?"

"उद्याचं पार पडू दे," मिस्त्री म्हणाले. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते त्यांनाच कळेना.

चढ लागला. मिस्त्रींनी पाय दाबला. इंजिन खालच्या जाड सुरात बोलत होतं आणि मिस्त्रींना ते गोड लागत होतं. लेकीने एकदम डॅशबोर्डवर हात ठेवला.

"बाबा, सोडा पाय. टिकटिकतंय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? खिळ्यांचा डबा झालाय नुसता. टायमिंग खूप पुढे आहे."

मिस्त्रींनी गाडी बाजूला घेतली. लेकीने पिशवीतून टायमिंगचा दिवा काढला, बॉनेट उघडलं, पुलीवर उजेड धरला. पुली गुळगुळीत. बापाने खूण घासून टाकल्याचं तिला आठवलं. दिवा ठेवून तिने पाना उचलला. "नुसतं कानावर दोन-तीन अंश मागे घेते, मग परत चढवून बघू."

मिस्त्रींनी तिच्या हातातून पाना काढून घेतला. "हात लावायचा नाही."

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाहीये का?"

तिने हे हळू विचारलं, काळजीने विचारलं. पण मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. लॅपटॉपवाल्यांनी आपल्याला शिकवू नये, हे इंजिन आपण ती शाळेत जायच्याही आधीपासून ओळखतो, असलं बरंच काही ते बोलले. त्यातलं शेवटचं वाक्य असं होतं, की मालकांपुढे नाव निघावं म्हणून बापाला खोटं ठरवायला निघालीस. परतीच्या वाटेवर लेकीने खिडकीबाहेर बघितलं. टायमिंग होतं तिथेच राहिलं.

रविवारी सकाळी आठला सगळे चढाखाली जमले. आधी मासिकवाले मुलाबरोबर रेड्यातून वर गेले. मिस्त्री आणि लेक तिच्या कंपनीच्या गाडीने मागोमाग वर पोचले आणि तलावाच्या कठड्याशी उभे राहिले. मासिकवाले उतरले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. "पाठ सीटला चिकटते हो," ते म्हणाले. "मात्र वळणावर जड. आणि मी काय करतोय त्याच्याशी गाडीला काही देणंघेणं नाही." मुलगा म्हणाला, तेच तर पाहिजे. मासिकवाल्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मुलाने त्यांना परत खाली सोडलं. रेडा पुन्हा वर आला आणि थोड्याच वेळात खालून बाई निघाली.

तलावाकडचा रस्ता वर येताना एकदा बरोबर कठड्याच्या पायथ्याशी येतो आणि मग मोठा वळसा घेऊन दोन किलोमीटरनी माथ्यावर पोचतो. बाई त्या खालच्या वळणावर आली. मालक चालवत होते, शेजारी मासिकवाले. वर उभ्या लोकांसमोर मालकांनी पाय पार तळाला टेकवला असणार. मिस्त्रींनी डोळे मिटले. घोगरा, भरलेला सूर खालून वर आला. बावीस वर्षांची चाकरी त्या सुरात होती.

"गातेय," ते म्हणाले.

लेकीने त्यांचं मनगट धरलं. "बाबा, मरतंय ते इंजिन. मासिकवाल्यांना फोन करा. पाय सोडायला सांगा."

फोन मिस्त्रींच्या हातात होता. नंबरही होता. फोन करून सांगायचं काय, की मला ऐकू येत नाही, माझी लेक म्हणतेय? मुलगा दहा पावलांवर रेड्याला टेकून उभा होता. तो हसला असता. मिस्त्रींनी फोनकडे बघितलं आणि खिशात ठेवला. लेकीकडे तो नंबर नव्हता आणि मुलाला समजावत बसायला वेळ नव्हता. ती कंपनीच्या गाडीकडे धावली, पण ती गाडी काढेपर्यंत वळशापलीकडे एक बोथट आवाज झाला आणि झाडांवरून पांढरानिळा धूर वर आला.

बाईला दोरीने ओढत माथ्यावर आणावं लागलं. रेड्यानेच ओढलं. मुलाने त्याचाही फोटो काढला.

मिस्त्रींनी प्लग काढले. चौथ्या प्लगचं टोक वितळून गोळा झालं होतं आणि त्यावर ॲल्युमिनियमचे चकचकीत दाणे चिकटले होते. पिस्टनला भोक पडलं होतं. मासिकवाल्यांनी प्लग हातात घेतला आणि उजेडात फिरवला. माणूस जाणकार होता.

"हे टायमिंग फार पुढे असल्याचं काम," ते म्हणाले. "मिस्त्री, काल चढावर नेली होतीत ना? आवाज नाही आला तुम्हाला?"

मालकांनी मिस्त्रींकडे बघितलं. मुलाने बघितलं. लेकीने बापाचा चेहरा बघितला, आणि काल चढावर जे विचारलं होतं त्याचं उत्तर तिला तिथे मिळालं.

"काल बाबांनी बरोबर लावलं होतं," ती म्हणाली. "नंतर मी दिवा लावून बघत होते. माझ्या हातून टायमिंगचा डिस्ट्रिब्युटर हलला असणार. मी सांगितलं नाही कोणाला."

मग मालक म्हणाले, "मिस्त्री, असं झालं का?"

मिस्त्रींना एवढंच म्हणायचं होतं, की नाही. एक शब्द. त्यानंतर काय होईल ते सगळं त्यांना दिसलं. शेडची किल्ली परत द्यावी लागेल, कानमिस्त्री म्हणणारे लोक हसतील, सकाळी उठून जायला जागा राहणार नाही. लेकीचं काय होईल हेही दिसलं. दिसलं नाही असं नंतर ते स्वतःला सांगायचे, पण दिसलं होतं.

"पोर आहे, मालक," ते म्हणाले. "शिकतेय अजून."

लेकीने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. आपण खोटं बोललो तरी बाप खरं बोलेल, अशी तिची कुठेतरी आशा असावी.

मालक मोठ्या मनाचे होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. लेकीला म्हणाले, "बाळ, कबूल केलंस हे चांगलं केलंस. पण जुन्या गाडीला यापुढे हात लावू नकोस. तुझं ते कॉम्प्युटरचं काम उत्तम आहे, तेच कर." आणि मिस्त्रींना म्हणाले, "इंजिन तुम्हीच बांधायचं. तुमच्या कानाशिवाय ही गाडी मी कोणाला देऊ?" नव्या विभागासाठी लेकीचं नाव चाललंय हे कळल्यावर आठवड्याने त्यांनी सर्व्हिस सेंटरच्या साहेबांना फोन केला. वाईटावर नव्हते ते, साहेबांनी फसू नये एवढाच हेतू. जुन्या गाड्यांच्या विभागात दुसरीच दोन माणसं गेली.

मासिकात तीन रकाने छापून आले. जुन्या गाडीला माणूस लागतो आणि नवीला लागत नाही, आणि म्हणूनच जुनी गाडी चुकीच्या माणसाच्या हातात पडली तर संपते, असं मासिकवाल्यांनी लिहिलं होतं. कानमिस्त्रींसारखे कलाकार आता उरले नाहीत आणि दिव्यावर आणि पडद्यावर वाढलेल्या नव्या पिढीला कान नाही, हेही होतं. मिस्त्रींनी तो अंक घरी आणला नाही. लेकीला तो सेंटरात कोणीतरी दाखवलाच. घरात भांडण झालं नाही. लेक वेळेवर जेवायची, वेळेवर कामाला जायची, विचारलं तर उत्तर द्यायची. बायकोने मात्र एक केलं. इतके दिवस ती नवऱ्यासाठी मोठ्याने बोलायची, ते तिने बंद केलं. ऐकू आलं तर आलं.

इंजिन बांधायला पाच महिने गेले. हातांना अजून सगळं येत होतं. नवे पिस्टन बसले, बेअरिंग बसले, कार्बोरेटर धुऊन लागले. मग ट्यूनिंगचा दिवस आला. मिस्त्रींनी नळी कानाला लावली. काही तरी घरघर ऐकू आली, सहाही तोंडांची सारखीच. मालक समोर खुर्ची टाकून बसले होते, म्हणून मिस्त्रींनी मान डोलावली, एक स्क्रू पाव आटा फिरवला आणि परत होता तिथे आणला.

त्या दिवशी घरी आल्यावर ते लेकीच्या खोलीच्या दारात उभे राहिले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"रविवारी मालक बाहेरगावी आहेत," ते म्हणाले. "अर्धा तास येशील? नुसतं ऐकायचं. टायमिंग मी लावतो, तू फक्त टिकटिक आली की सांग."

"मालकांनी हात लावू नको म्हटलंय."

"हात नको लावू. कोणाला कळणार नाही."

"ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी मी खोटं बोलले ते तुमची लाज जाऊ नये म्हणून. वाटलं होतं, तुम्ही मला बोलू देणार नाही. मधेच थांबवाल. मी वाट बघत होते, बाबा." तिने घडी घातलेला सदरा कपाटात ठेवला. "आता चोरून ऐकायला मी येणार नाही. मालकांना खरं सांगा, उद्या सकाळी येते."

मिस्त्री "बघू" म्हणाले आणि वळले. दुसऱ्या दिवशी ते मालकांकडे गेले, चहा प्यायले, फरश्यांच्या नव्या भट्टीबद्दल बोलले आणि परत आले.

टायमिंग त्यांनी शेवटी भीतीने लावलं. पुन्हा पिस्टन जायला नको म्हणून पार मागे घेतलं, इतकं मागे की टिकटिक येण्याचा प्रश्नच नव्हता. त्या टायमिंगवर गाडी चालते, पण तिच्यात जीव राहत नाही. मालकांनी बाईला चढावर नेलं. अर्ध्यात गेल्यावर ती दमली, तापली, दुसऱ्या गिअरवर कण्हत कशीबशी माथ्यावर गेली. मालक खाली आले, शेडमध्ये गाडी लावली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

शेडच्या दुसऱ्या टोकाला लेक रेड्याला लॅपटॉप जोडून बसली होती. रेड्याची तपासणी नेमकी त्याच दिवशी होती. बाई आत येताना तिने मान वर करून क्षणभर ऐकलं. टायमिंग मागे आहे, दोन बोटं पाना फिरवला तर ही गाडी पळेल, हे तिला दारातूनच कळलं असणार. तिने मान खाली घातली आणि पडद्याकडे बघत राहिली.

मालक उतरले. "नवे पिस्टन, सगळं नवं, तुमच्या हातचं ट्यूनिंग," ते म्हणाले. "तरी ती पूर्वीची नाही राहिली. मुलगा म्हणतो तेच खरं दिसतंय. एक माणूस आहे, हॉटेलच्या दर्शनी दालनात उभी करायला गाडी मागतोय. इंजिन काढून ठेवू म्हणतो. देऊन टाकावी." मग त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं, खरोखरच विचारायच्या स्वरात. "तुम्हाला काय वाटतं? तुमच्या कानाला काय ऐकू येतं? गाडीचंच वय झालं ना आता?"

लेकीची बोटं लॅपटॉपवर थांबली. मिस्त्रींनी ते पाहिलं. त्यांनी बाईच्या बॉनेटवर हात ठेवला. ते अजून गरम होतं.

"हो, मालक," ते म्हणाले. "गाडीचंच."